पापणी लवते तेवढ्यात

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नाही. हे सांगितलं की लोक हसतात, कारण आबा पंचवीस वर्षं टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जत्रेत तंबू ठोकायचा, मशीन लावायचं, रीळ चढवायचं आणि रोज दोन-दोन खेळ दाखवायचे, हा त्यांचा धंदा. पण मशीनच्या खोलीला जे वीतभर भोक असतं, त्यातून ते चित्र नीट पडतंय एवढंच बघायचे आणि लगेच नजर खाली पब्लिककडे वळवायचे. अंधारात हजारभर डोकी. डोकी चुळबुळायला लागली की सिनेमा पडला, डोकी गप्प झाली की सिनेमा चालला. नायक कोण, खलनायक कोण, शेवटी लग्न कुणाचं कुणाशी लागलं, यातलं त्यांना काही म्हणजे काही सांगता यायचं नाही.

अशा माणसाची मी मुलगी. यामिनी सरनोबत, वय चौतीस, धंदा व्हिडिओ गेमच्या गोष्टी रचण्याचा. मी सात वर्षांची असताना तंबू कायमचा मिटला. मशीन एकच असल्यामुळे रीळ बदलताना तीन-चार मिनिटं दिवे लागायचे, तिकीटखिडकी बंद करून आई चहा घेऊन यायची, आणि आबा एका हातानं रीळ लावत दुसऱ्या हातानं अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवायचे. तंबूतलं मला नीट आठवतं ते एवढंच. मी बशीवर फुंकर मारायचे, बशी खाली ठेवायचे, आणि दिवे जायचे.

पुढं मी शिकले, पुण्याला जाऊन आले, कोल्हापुरात परत येऊन पाच गेम केले. आबांनी एकालाही हात लावला नाही. आबांच्या शब्दकोशात सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'बरं हाय'. ती त्यांनी आईच्या पांढऱ्या रश्श्याला दिलेली मी ऐकली आहे, आणि एकदा शेजारच्या गावातल्या एका म्हशीला. मला मात्र कधीच नाही. चौतीस वर्षांच्या बाईनं बापाच्या दोन शब्दांसाठी झुरावं हे काही शोभत नाही, पण मी झुरत होते. त्याला इलाज नव्हता.

आता गेम खेळायच्या आमच्या चष्म्याविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यानं घातला.

सिनेमा जन्मला तेव्हा कॅमेरा एका जागी खिळलेला असायचा, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यासारखा. माणसं डावीकडून यायची, उजवीकडे निघून जायची. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की कॅमेरा मध्येच थांबवला, समोरच्या माणसाला बाजूला केलं आणि कॅमेरा पुन्हा सुरू केला, तर पडद्यावर माणूस चक्क गायब होतो. पुढं फिल्म कापून जोडता येते हे कळलं आणि गोष्टीला पाय फुटले. एकदा जळणारं घर, एकदा धावणारा बंब, पुन्हा घर. मधला रस्ता बघणाऱ्यानं आपल्या मनात बांधून घ्यायचा. व्हिडिओ गेमनं हीच बाराखडी पुन्हा गिरवली. आधी एका जागी खिळलेलं चित्र, मग पाठोपाठ फिरणारा कॅमेरा, मग जवळून चेहरे, मग मध्येच घुसवलेला छोटासा सिनेमा. पण इथं एक गोम होती. सिनेमात कट मारला तर प्रेक्षक निमूट बसून राहतो. गेममध्ये कट मारला की खेळणाऱ्याच्या हातातला लगाम सुटतो आणि तो चिडतो. म्हणून कित्येक वर्षं गेमवाले कटाला घाबरून एकच लांबलचक न तुटणारं चित्र दाखवत बसले होते.

यावर तोड काढली रेहान मुजावरनं. रेहान आमचा यंत्रांचा माणूस, अबोल आणि हट्टी. त्यानं पापणी धरली. आपली पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते. डोळा ओला ठेवायला एवढ्या वेळा लवायची गरज नसते, असं शास्त्रज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. माणसं एकच चित्र मन लावून बघत असतील तर बहुधा एकाच सुमाराला पापणी लववतात, समोरचं एखादं काम पुरं झालं की. दार बंद झालं, पत्र खिशात गेलं, की लवली पापणी. मन जणू वाक्य संपवून पूर्णविराम देतं. त्या निमिषात डोळ्यापुढं अंधार असतो, पण मेंदू तो अंधार आपल्याला कळू देत नाही.

रेहानच्या चष्म्यानं ही पापणी ओळखली आणि त्या अंधारातच पुढचं दृश्य आणून ठेवलं. कॅमेरा थांबवून माणूस गायब करायची जुनीच युक्ती, फक्त कॅमेऱ्याच्या जागी खेळणाऱ्याचा डोळा. कट तुम्हीच मारायचा, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. लगाम हातातून सुटत नाही, कारण कात्रीही तुमच्याच हातात असते. आणि तुमचं मन कशाला चिकटतं ते हेरून यंत्र पुढची गोष्ट तुमच्यासाठी वेगळी रचतं.

या चष्म्यावर मी 'वरात' नावाचा गेम रचला. तानी नावाची एक टेम्पोवाली. बँडपार्टीचं सगळं सामान तिच्या टेम्पोत, बँडवाले दुसऱ्या गाडीत, आणि लग्न घाटाखालच्या गावात. खेळणारा म्हणजे तानी. वाटेत कुणाला टेम्पोत घ्यायचं, कुणाला उतरवायचं, ढोल भाड्यानं द्यायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

चष्म्याची एक उपज आम्ही मागितली नव्हती. खेळ संपला की तो एक आलेख काढून द्यायचा. आम्ही त्याला लक्षपट्टी म्हणायचो. मन कुठं गुंतलं, कुठं उडालं, सगळं त्या रेषेत. दोन महिन्यांत मला पट्टी वाचायचं व्यसनच लागलं. कुणी 'छान झालाय गेम' म्हटलं की मी त्याचे आभार मानायच्या आधी पट्टी बघायचे. एका मीटिंगला सगळे चष्मे घालून बसले आणि माझं भाषण चालू असताना सगळ्यांची मनं कुठं हिंडत होती ते पडद्यावर आलं, तेव्हापासून ऑफिसात जेवताना आणि मीटिंगमध्ये चष्म्याला बंदी झाली. तरी माझी खोड गेली नाही.

त्या खोडीचा प्रसाद आईलाही मिळाला. आई, म्हणजे मालन सरनोबत, तंबूची तिकीटवाली. तिनं एका दुपारी 'वरात' खेळून बघितला, चष्मा काढला आणि म्हणाली की फार चांगलं केलंयस. मी पट्टी बघितली. पंधरा मिनिटं रेषा जमिनीवर लोळत होती आणि तीनदाच ताडकन उठली होती. मी वेळा ताडून बघितल्या. तीनही वेळा कुकरची शिट्टी झाली होती. मी मूर्खासारखी हसत तिला ते सांगितलं, वर पट्टी दाखवली.

आई हसली नाही. तिनं चष्मा घडी करून माझ्या हातात दिला.

"मी चांगलं म्हटलं ते तुला म्हटलं, तुझ्या खेळाला न्हाई," ती म्हणाली. "एवढं कळत न्हाई व्हय तुझ्या मशीनला?"

त्यानंतर चार दिवस ती फोनवर माझ्याशी भाजीपुरतंच बोलली.

इकडे गेमचीही वेगळीच कथा झाली. आम्ही तो दोनशे माणसांना खेळायला दिला. बहुतेकांनी दहापैकी नऊ गुण दिले, पट्ट्याही खणखणीत होत्या. मग आठ दिवसांनी आम्ही सगळ्यांना फोन केले. बहुतेकांना तानीचं नावसुद्धा आठवेना. कुणीही दुसऱ्या कुणाला खेळाविषयी सांगितलं नव्हतं. इचलकरंजीच्या एका घरात चौघं एकाच सोफ्यावर बसून खेळले होते. बाप खदखदून हसत होता तेव्हा शेजारी लेक रडत होती. खेळ संपल्यावर चौघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली आणि एकदमच थांबले, कारण एकाचा टेम्पो घाटात अडकला होता, दुसरीच्या टेम्पोनं घाट बघितलाच नव्हता, आणि तिसऱ्यानं ढोल विकून टाकला होता. मग त्यांनी टीव्ही लावला. प्रत्येकाला आपल्या मापाची गोष्ट मिळाली होती आणि घरात बोलायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. दिवाळीला गेम बाजारात जायचा होता, आणि नेमकं काय चुकलंय ते मला उमगेना.

आईच्या रुसव्याच्या पाचव्या दिवशी आबा ऑफिसात आले. बिनड्रायव्हरच्या बसला ते रामराम घालून चढतात आणि उतरतानाही घालतात. हातात आईनं पाठवलेला डबा होता, म्हणजे तह झाला होता. रेहाननं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मला न विचारताच म्हणाला की आबा, आता आलाच आहात तर बघा की. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चष्मा घातला.

समोर आमच्या पडद्यावर आबांना जे दिसत होतं ते आम्हालाही दिसत होतं. पहाटेचा घाट, तानीचा टेम्पो, काचेवर दव. तीन महिने खपून केलेलं दृश्य. आबांनी ते बघितलं, चित्र स्वच्छ पडलंय अशी मान डोलवली, आणि खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण मागं वळले.

मागं काहीच नव्हतं. काय असणार? खेळणारा समोर बघणार म्हणून आम्ही समोरचं जग बांधलं होतं. मागं नुसतं राखाडी धुकं. आबा त्या धुक्याकडं बघत राहिले. यंत्र बिचारं गोंधळलं. आबांची पापणी लवायची, यंत्र नवं दृश्य आणायचं, आबा पुन्हा त्याला पाठ दाखवायचे. घाट गेला, बाजार आला, लग्नाचा मांडव आला. आबा धुक्यातच.

"मागं कोण न्हाई गं," ते शेवटी म्हणाले. "कुणाला दाखवतीस ह्यो खेळ?"

मला रडूच कोसळायचं बाकी होतं, म्हणून मी चिडले. मी म्हटलं की मागं कुणी नसतं आबा, हा एकट्यानं खेळायचा असतो, आणि तुम्ही समोर बघितलंच नाही, पंचवीस वर्षं नाही आणि आजही नाही. रेहान उठून बाहेर गेला. आबांनी शांतपणे चष्मा काढून ठेवला. समोरचं तू केलंयस म्हणजे चांगलंच असंल, ते म्हणाले, माझं काम मागं बघायचं. मग टोपी घालून निघून गेले. मी पट्टी बघितली. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट होती.

रविवारी घरी गेले तर आबा दाढीला गेले होते. आईनं मला माळ्यावरून पापडाची पाटी काढायला सांगितली. पाटीखाली पत्र्याचा गोल डबा निघाला. तंबू मिटला तेव्हा सगळं गेलं, पण एक रीळ आबांनी ठेवून घेतलं होतं. कुठल्या सिनेमाचं ते आईलाही आठवेना, आबांना तर नाहीच.

मी खिडकीशी बसून ते रीळ उन्हाला धरलं. गुंडाळीत जागोजाग गुलाबी कागदाचे तुकडे खोचलेले होते. बघितलं तर तंबूच्या तिकिटांची अर्धुकं, जमिनीवरच्या बैठकीची. मी आईला विचारलं. ती पापड लाटता लाटता म्हणाली की त्या वन्स मोरच्या जागा. पब्लिकनं शिट्ट्या मारून एखादी जागा परत मागितली की मशीन थांबवायचं, रीळ मागं घ्यायचं आणि तेवढं पुन्हा दाखवायचं. पुढच्या खेळाला पुन्हा मागणार, पुढच्या गावात तर मागणारच, म्हणून तिथं अर्धुक खोचून ठेवायचं. जागा लगेच सापडली पाहिजे, नाहीतर पब्लिक तंबू फाडतं.

मी फिल्म डोळ्याजवळ धरली. जिथं अर्धुक होतं तिथं ओरखडेच ओरखडे. पुन्हापुन्हा फिरवून फिल्म झिजली होती, तुटली होती, फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जोडली होती. बाकीची फिल्म तशी साफ. आजवर मी अशा ओरखड्यांना खराबी समजत आले होते. ती खराबी नव्हती. ते पब्लिकनं फिल्मवर लिहिलेलं होतं. कुठल्या गावाला काय आवडलं, कुठं हसले, कुठं पुन्हा म्हणाले, ते सगळं नखानं कोरल्यासारखं तिथं होतं. माणसं तंबूत नुसती बघत नव्हती, ती खेळत होती. एकाच बटणाचा खेळ, आणि ते बटण म्हणजे सगळ्यांनी मिळून मारलेली शिट्टी. माझ्या चष्म्यात प्रत्येकाला शंभर बटणं होती आणि शिट्टी ऐकायला शेजारी कुणी नव्हतं.

आबांनी एका मिनिटात सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

सोमवारी मी रेहानला म्हटलं की मागचं धुकं काढायचं. त्यानं आधी कपाळाला हात लावला आणि मग कामाला लागला. आता एकाच्या हातात लगाम, तोही पाळीपाळीनं, आणि बाकीचे त्याच्याबरोबर तेच बघणार. त्यानं मागं वळून बघितलं तर त्याला खरी माणसं दिसणार, शेजारी बसलेली. शिट्ट्या झाल्या की दृश्य मागं जाणार, आणि मग लगामवाल्यानं ते वेगळं करून बघायचं. अवघड होतं ते कटाचं. एकाची पापणी धरणं सोपं, पण चाळीस माणसं एकदम पापणी लववत नाहीत. ती तेव्हाच लववतात जेव्हा चाळिसांचं मन एका जागी असतं. म्हणजे पब्लिक एक होईपर्यंत कट मारता येणार नाही. यंत्राला थांबायला शिकवावं लागलं. दोन महिने गेले.

या दोन महिन्यांत आमच्या भिंतीवरच्या सतरा नंबरच्या कार्डावरून रेहानशी माझं भांडण झालं. आमचा प्रत्येक प्रसंग एका कार्डावर लिहून भिंतीवर लावलेला असतो. सतरा नंबरला तानी टपरीवर टेम्पो थांबवते, चहा बशीत ओतते, फुंकर मारते, पिते, बशी खाली ठेवते. बस. रेहान म्हणाला की यात काहीच घडत नाही, काढून टाक. मी कारण न सांगता नाही म्हटलं.

मग मी घरी गेले. आबा अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवत गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच.

"आबा, मला ऑपरेटर पायजे."

आबांनी चेनवरून मान वर केली नाही. "किती खेळ?" त्यांनी विचारलं.

शिंगणवाडीच्या जत्रेत भर दुपारी आमचा खेळ लागला. आबांना हेच आधी पचेना. त्यांच्या काळी सूर्य बुडाल्याशिवाय पडद्यावर काही दिसायचं नाही. इथं मांडव, सतरंजी, चाळीस माणसं आणि चाळीस चष्मे. आबांसाठी रेहाननं वेगळा चष्मा केला होता, कोपऱ्यात चिमुकलं चित्र आणि बाकी सगळी काच साफ, म्हणजे डोकी दिसावीत. हाताशी एक मूठ दिली होती. ती दाबून धरली की यंत्रानं कितीही घाई केली तरी दृश्य बदलायचं नाही. सगळं झालं, पण आबा मागं उभे राहून अस्वस्थ. भोक नाही म्हणाले. शेवटी रेहाननं खोक्याचा पुठ्ठा आणून त्याला वीतभर भोक पाडलं आणि काठीला बांधून त्यांच्यापुढं उभा केला. आबा पुठ्ठ्यामागं गेले आणि निवांत झाले.

सुरुवात वाईट झाली. लगाम एका बांगडीवालीच्या हातात होता आणि ती टेम्पो चालवायच्या ऐवजी टेम्पोतला क्लॅरिनेट वाजवायला बघत होती. चाळीस जणांच्या पापण्या चाळीस तऱ्हांनी लवत होत्या. यंत्राला कट सापडेना. घाटाचं पहिलंच वळण तीन मिनिटं चाललं. लोक चुळबुळायला लागले, एकानं तंबाखू काढली. रेहानला घाम फुटला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला की जुन्यावर जाऊया, ज्याची त्याची गोष्ट ज्याला त्याला देऊया, निदान पळून तरी जाणार नाहीत. मी हो म्हणणार होते. तेवढ्यात पुठ्ठ्यामागून आवाज आला.

"दम धर. डोकी अजून येगळी हायत."

मग बांगडीवालीनं रस्त्यावरची बकरी टेम्पोत घेतली. बकरी ढोलावर चढली, ढोल घरंगळला, बकरी त्यावर चारही पायांनी पळू लागली. मांडवात हशा पिकला आणि पहिली शिट्टी आली. मग दुसरी. मग सगळा मांडव वन्स मोर ओरडायला लागला. दृश्य मागं गेलं. या वेळी बांगडीवालीनं बकरीबरोबर झांजाही सोडल्या. पुन्हा वन्स मोर. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतल्या एका फेटेवाल्यानं तिला ओरडून सांगितलं की बाई, दार उघडं ठेव, आणि बकरी ढोलासकट उतारावरून लग्नाच्या दिशेनं निघाली. ही वाट मी रचलेलीच नव्हती. चाळीस जणांनी मिळून ती काढली आणि यंत्रानं दिली. तंबाखूवाल्याची तंबाखू हातातच राहिली.

आणि मग सतरा नंबर आला. बकरी सापडली होती, तानी दमली होती. टपरी, चहा, बशी. मी डोळे मिटून घेतले. आता उठतील असं वाटलं. कुणी उठलं नाही. मांडवात एवढी शांतता झाली की पलीकडच्या पाळण्याची करकर ऐकू यायला लागली. मी डोळे उघडले आणि पुठ्ठ्याकडं बघितलं. आबांनी मूठ दाबून धरली होती आणि भोकातून ते डोकी बघत होते. तानीनं फुंकर मारली. तानी चहा प्यायली. तानीनं बशी खाली ठेवली. आबांनी मूठ सोडली.

रेहाननं माझा दंड धरला आणि हातातली काचेची पाटी दाखवली, तिच्यावर सगळ्यांच्या पट्ट्या उमटत होत्या. चाळिसांच्या रेषा एकीवर एक पडून एकच रेषा झाली होती. चाळीस पापण्या एकदम लवल्या होत्या, आणि दृश्य बदललं होतं. मांडवात कुणाला कट दिसला नाही.

संध्याकाळपर्यंत चार खेळ करावे लागले. पहिल्या खेळाची माणसं मांडवाबाहेर उभी राहून दुसऱ्या खेळाच्या माणसांना बकरीचं सांगत होती, आणि दुसऱ्या खेळाची माणसं आत बसून पहिल्यांशी आवाज चढवून भांडत होती की आमची बकरी जास्त लांब गेली.

परत येताना टेम्पोत आबा माझ्या शेजारी होते. जत्रेचे दिवे मागं पडले. मग बाहेरच बघत म्हणाले, "बरं हाय."

बस, एवढंच. चौतीस वर्षं वाट बघितलेले दोन शब्द, आणि ते म्हणून झाल्यावर त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून डुलकी काढली.

रेहाननं पुढच्या सीटवरून मान वळवली. त्याच्या हातात तीच काचेची पाटी होती. ऑपरेटरच्या चष्म्याचीही पट्टी निघाली आहे, तो हळूच म्हणाला, उघडू का. माझा हात पुढं झाला. खोटं कशाला सांगू, मला बघायचंच होतं. 'बरं हाय' हे खेळाला होतं की मला, ते तिथं एका रेषेत लिहिलेलं होतं. आबांनी मन लावून बघितलं की पोरीचं मन राखलं, ते कळणार होतं. मी पाटी घेतली. मग मला आई आठवली, चष्मा घडी करून हातात देणारी. मी विचार केला की मला म्हटलं असेल तर काय वाईट आहे. उलट तेच तर मला हवं होतं. मी पट्टी न उघडता पुसून टाकली आणि पाटी रेहानला परत दिली. त्यानं माझ्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि पुढं तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जरा उशिरा गेले. रेहान म्हणाला की आबा येऊन गेले, घाईत होते, नुसतं विचारलं की तुमच्यात रीळ कुठं ठेवतात. रीळ नसतं, ही भिंतच आमचं रीळ, असं त्यानं सांगितल्यावर ते भिंतीपुढं उभे राहून एकेक कार्ड बोट लावून वाचत गेले म्हणे.

मी भिंतीपाशी गेले. बकरीच्या कार्डावर काही नव्हतं. तीन महिने घालवलेल्या घाटाच्या पहाटेवर काही नव्हतं, लग्नाच्या मांडवावर काही नव्हतं. सतरा नंबरच्या कार्डामागं एक गुलाबी अर्धुक खोचलेलं होतं.

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग आबांना फोन लावला. त्यांच्या मागं कुकर वाजत होता. सतरा नंबरच का, मी विचारलं, तिथं तर एकानंही शिट्टी मारली नाही.

"आता न्हाई मारली," आबा म्हणाले. "फुडल्या जत्रंला तीच जागा परत मागत्यात बघ. लगीच घावाय पायजे."